वीस दिवसांची जट

माझ्या डोक्यावर आता जेमतेम कानामागं राहिलेत तेवढेच केस आहेत. त्यामुळं कुरळ्या केसांवर मी काही सांगायला लागलो की घरातले लोक माझ्या टाळूकडं बघून हसतात. हसू दे. पण लेकीच्या डोक्यावर जे दाट, भुरभुरं, स्प्रिंगांचं रान आहे ते माझ्याकडून गेलेलं आहे. माझ्याकडून अक्षरशः गेलं, तिच्याकडं राहिलं.

लहानपणी मला माझे केस कुरळे आहेत हे ठाऊकच नव्हतं. उदगीरजवळच्या आमच्या गावात दूरच्या नात्यातली एक आत्या होती. तिच्या डोक्यात जट होती. मनगटाएवढी जाड, पाठीवरून कमरेपर्यंत लोंबणारी. कापायची नाही, विंचरायची नाही, देवीची म्हणून सांभाळायची. तिचं लग्न झालं नाही. मंगळवारी, शुक्रवारी ती परडी घेऊन दारोदार जोगवा मागायची. एकदा पिठाची वाटी घेता घेता तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि आईला म्हणाली, "वळणाचे केस हायत की लेकराचे. जपा बाई." तिनं मायेनंच म्हटलं असणार. पण आईनं त्याच दिवशी न्हाव्याला बोलावलं, आणि पुढं दर महिन्याला माझा गोटा होत राहिला. लातूरला कॉलेजात आल्यावर पहिल्यांदा केस वाढवले तेव्हा मला ते दिसले, आणि चार-पाच वर्षांत तेच मला सोडून निघून गेले.

मुलीचा गोटा करता येत नाही. आमच्या घरात तिच्या केसांचं खातं बायकोकडं होतं. ती नांदेडची. तिनं कुठून कुठून शिकून एक पद्धत बसवली होती. रविवारी नळाला पाणी असलं तर डोकं धुवायचं, बोअरच्या पाण्यानं केस काथ्यासारखे होतात म्हणून शेवटचा तांब्या नळाच्याच पाण्याचा. लातूरला नळाचं पाणी किती दिवसांनी येतं हे ज्यांना माहीत आहे त्यांना या तांब्याची किंमत कळेल. मग ओल्या केसांत मोठ्या दातांचा कंगवा, तोही टोकांकडून. टॉवेल नाही, माझा जुना बनियन. आणि शेवटी जवस. चटणीचंच जवस पाण्यात उकळून, सुती ओढणीतून गाळून त्याचा बुळबुळीत रस केसांना चोळायचा. मी हे सगळं दारातून बघायचो आणि म्हणायचो, "एवढ्यात एका एकराची फवारणी झाली असती."

तीन वर्षांपूर्वी, लेक आठवीत असताना, तिला डेंग्यू झाला. सहा दिवस दवाखान्यात होती. रोज सकाळी प्लेटलेटचा आकडा यायचा आणि रोज तो कालच्यापेक्षा कमी असायचा. त्या सहा दिवसांत मी काय खाल्लं, काय बोललो, मला आठवत नाही. मी एका शाळेत विज्ञान शिकवतो. वर्गात मी रक्ताचे घटक फळ्यावर रंगीत खडूनं काढलेत. त्या सहा दिवसांत मात्र ते रंगीत गोळे मला डोळे मिटले की दिसायचे, एक एक करून विझताना.

सातव्या दिवशी आकडा वर चढला, तिला घरी सोडलं. त्याच आठवड्यात नांदेडला सासूबाई पडल्या, खुब्याचं ऑपरेशन ठरलं. बायकोला जावंच लागलं. बसमध्ये चढता चढता तिनं मला औषधांचा कागद दिला आणि म्हणाली, "आणि तिचे केस. दवाखान्यात मी नुसते फडक्यात वर बांधून ठेवलेत. दोन दिवसांनी अंगात जरा जोर आला की ओले करून सोडवा. कोरडे विंचरू नका. विसरू नका."

"विसरतो की काय," मी म्हणालो.

विसरलो नाही. घाबरलो. तिसऱ्या दिवशी मी फडकं सोडलं आणि डोक्याला हात लावला तर लेक कळवळली, "नको बाबा, दुखतंय." एवढ्यावर मी हात काढला. ती आधीच वाळलेल्या भाजीच्या देठासारखी उशीत रुतली होती. तिला आणखी दुखवायचं धाडस नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कंटाळाही होता. फडकं परत बांधलं. पुढच्या आठवड्यात एकदा बारीक फणीनं, कोरडंच, एक प्रयत्न केला. फणीचे दोन दात तिच्या केसांत राहिले. ते मी कुणाला सांगितलं नाही. बायकोचा रोज फोन यायचा, "केस?" "हो, चाललंय," मी म्हणायचो.

तोवर गावाहून आक्का आली होती. माझी थोरली बहीण. भाकरी थापायला, पोरीला उठवायला-बसवायला. एक सोमवारची सकाळ होती. "लेकराचं डोस्कं तेलावाचून वाळून गेलंय," म्हणत तिनं खोबरेलाची बाटली घेतली, फडकं सोडलं, आणि तिचा हात मानेमागं थांबला. लेक पेंगत होती. आक्कानं मला डोळ्यांनीच बोलावलं आणि केस बाजूला केले.

मानेच्या वर, मुठीएवढा एक गोळा होता. काळा, घट्ट, दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारखा. त्यातून एकही केस सुटा निघत नव्हता.

आक्कानं तेलाची बाटली खाली ठेवली. हात जोडले. मग ती देव्हाऱ्याशी गेली, बोटावर कुंकू घेऊन आली आणि त्या गोळ्याला लावलं. मला बाहेर ओढून हळू आवाजात म्हणाली, "जट हाय ही."

"आक्का, गुंता आहे तो."

"गुंता म्या बघितला न्हाई व्हय रं? चाळीस वरसं केस विंचरायलेय. गुंत्याला बोट जातंय. हितं जाईना. आजारात आली. देवी आजारातच येती." तिचे डोळे भरले होते, आणि ती रागावलेली नव्हती, भ्यालेली होती. "हात लावू नको. कात्री तर बिलकूल न्हाई. शुक्रवारी म्या त्या जटवाल्या बाईला बोलावते, देवळामागं राहती ती. पुजून घेऊ, ओटी भरू. पोरीचं रगत आधीच पातळ झालंय. जट कापली की घरातलं माणूस जातंय, तुला ठाव हाय. कोन हाय आता घरात कमजोर?"

मी "काहीतरीच काय" म्हणायला पाहिजे होतं. शाळेत दरवर्षी अंधश्रद्धेवर भाषण मीच करतो, जळता कापूर जिभेवर ठेवून दाखवतो, पोरं टाळ्या वाजवतात. तिथं मी मोठ्या आवाजात विचारतो, "का घडलं हे?" इथं माझ्या तोंडातून एवढंच निघालं, "शुक्रवार म्हणजे परवाच्या परवा ना?"

"आज सोमवार. मोज की, मास्तर."

मला दोन गोष्टींची भीती एकदम वाटली, आणि त्यातली दुसरी सांगायला आजही लाज वाटते. पहिली साधी होती. पुजली की ती जट होणार. एकदा हळदकुंकू लागलं, गल्लीतल्या बायका पाया पडून गेल्या, की मग कुणाची कात्री चालणार नाही. ती वाढणार, जड होणार, आणि माझी लेक शाळेच्या रांगेत, कॉलेजात, लोकांच्या नजरेत ती पाठीवर घेऊन फिरणार. दुसरी भीती अशी की समजा मी कापली, आणि आकडा परत पडला तर? मला माहीत होतं की या दोन गोष्टींचा संबंध नाही. पण माहीत असणं हे अंगावर घातलेल्या शर्टासारखं असतं, भीतीला ते उतरवायला वेळ लागत नाही.

आणि तिसरंही होतं, तेही सांगून टाकतो. देवीनंच दिली म्हटलं असतं तर बायकोला 'मी केस सोडवले नाहीत' असं सांगायची वेळ आली नसती. मंगळवारी दिवसभर मी या विचाराभोवती घुटमळत होतो. त्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा म्हणालो, "केस मस्त आहेत."

लेकीपासून कुणी काही लपवू शकत नाही. शेजारच्या काकू बघायला आल्या, आल्या त्या तिच्या कपाळाला हात लावायच्या ऐवजी पायाला लावून गेल्या. आठवीतल्या पोरीला त्यातून जे कळायचं ते कळलं. बुधवारी दुपारी आक्का दळण आणायला गेली होती. मी लेकीला मोसंबीचा रस दिला. तिनं घेतला नाही. मोबाइल माझ्यासमोर धरला. त्यावर जटांचे फोटो होते, एकापुढं एक.

"बाबा, मला हे झालंय का?"

"नाही गं."

"मग काकू माझ्या पाया का पडल्या?"

मी रसाचा पेला बाजूला ठेवला.

"मी हात लावून बघितला. दगड आहे तिथं." तिनं मोबाइल उशीखाली सारला. "आत्या म्हणाली शुक्रवारी कुणीतरी येणार आहे. बाबा, मला कुठं पाठवणार आहात का?"

तिला असं वाटत होतं, आणि दोन दिवस ती हे मनात घेऊन गप पडली होती. मी म्हणालो, "वेडी आहेस का? कुणी कुठं पाठवत नाही."

"मग कापा. आत्ता."

मी कात्री आणली. शिवणाची, मोठी. तिनं मान खाली घातली. त्या गोळ्यावर आक्काचं कुंकू वाळून तपकिरी झालं होतं. मी कात्री उघडली, आणि माझा हात इतका हलायला लागला की पाती एकमेकांवर खडखडू लागली. लेकीला तो आवाज ऐकू गेला. "बाबा?" ती म्हणाली. मी कात्री ठेवली आणि म्हणालो, "थांब, आईला विचारतो." पन्नाशीला आलेला माणूस.

नांदेडला फोन लावला आणि सगळं सांगितलं. फणीचे दात सुद्धा.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही मला रोज काय सांगत होता?"

"चाललंय म्हणून."

"काय चाललं होतं? जट वाढवायचं?" मग तिचा आवाज फुटला. मागून सासूबाई "काय झालं, काय झालं" विचारत होत्या. ती नाक ओढून म्हणाली, "मला आज निघता येत नाही. आईचे टाके उद्या काढणार आहेत. तुम्हीच करायचं. कापू नका आधी. जवसाचा डबा खालच्या फळीवर आहे. आत्ता उकळायला ठेवा."

"आक्का म्हणते हात लावला तर..."

"आक्कांची भीती मला कळते. तुमची कळत नाही. विज्ञान कुणाला शिकवता तुम्ही, भिंतीला?"

जवस उकळलं. घाईत इतकं उकळलं की ते खळीसारखं झालं, ओढणीतून गाळताना हात भाजला. तेवढ्यात आक्का दळण घेऊन आली, वास घेऊन स्वयंपाकघरात डोकावली. "चटणीचं जवस शिजवायलास? कशाला?"

मी सांगितलं. तिनं पिठाचा डबा खाली ठेवला आणि दारातच बसली, आत येईना. "म्या न्हाई बघनार. काही झालं तर मला बोलू नको," म्हणाली, पण तिथून उठलीही नाही. डोक्यावर पदर घेऊन ओठातल्या ओठात पुटपुटत राहिली.

त्या दिवशी नळ नव्हता. बादलीत ठेवलेलं पिण्याचं पाणी मी तिच्या डोक्याला वापरलं. कंडिशनरची अर्धी बाटली आणि जवसाचा तो चिकट रस त्या गोळ्यात बोटांनी मुरवत राहिलो. फोन मोठ्या आवाजावर करून खाटेवर ठेवलेला, त्यातून नांदेडहून हुकूम येत होते. "मुळाशी धरा, एका हातानं. म्हणजे ओढ डोक्याला बसत नाही. खालच्या टोकाचा एकच केस निघतो का बघा. एकच."

पहिला केस निघायला पंधरा मिनिटं लागली असतील. निघाला तेव्हा तो मुळाशी धरलेलाच नव्हता. गळालेला होता, बाकीच्यांत अडकून बसलेला. मग दुसरा तसाच. रोज गळतात ते सगळे केस कुठं जाणार, फडक्यात बांधून ठेवले होते मी. वीस दिवसांचे. ते एकमेकांना धरून बसले, वरून उशीचं घासणं आणि माझी फणी. हे मला वर्गात पाच मिनिटांत सांगता आलं असतं. लेकीच्या मानेमागं बसून कळायला चार तास लागले.

मधे ती रडली, मधे झोपली, मधे म्हणाली, "बाबा, तुमचे असे कुणी सोडवायचं का?" "माझे न्हावी सोडवायचा. कायमचे," मी म्हणालो. दारातून आक्काला हसू आलं, ते तिनं पदरात दाबलं.

गोळा लिंबाएवढा झाला आणि थांबला. आत काहीतरी कडक लागत होतं. उजेडाकडं करून बघितलं तर पांढरी कड दिसली. दवाखान्यातल्या सलाइनच्या पट्टीचा तुकडा. कधीतरी हाताची सुटून केसांत चिकटला असणार, आणि सगळं त्याच्याभोवती गुंडाळलं गेलं. तो निघेना.

"तेवढं कापा," फोनवर बायको म्हणाली.

आक्का उठून उभी राहिली. "न्हाई. बाबू, न्हाई. बाकी काय करायचं ते कर."

"आक्का, पट्टी आहे ही. दवाखान्याची."

"असू दे. असू दे रं पट्टी." ती रडत होती. "एकुलतं एक लेकरू हाय तुझं."

माझ्या पोटात तेच चाललं होतं जे तिच्या तोंडातून येत होतं. लेक हळूच म्हणाली, "बाबा, कापा." मी डोळे मिटले. डोळे मिटून कात्री चालवणारा विज्ञान शिक्षक जिल्ह्यात मी एकटाच असेन. कच् असा आवाज झाला. तुकडा माझ्या तळहातावर पडला, कुंकवाचा जरासा रंग लागलेला.

संध्याकाळी लेक म्हणाली, "थंडी वाजतीय."

आक्कानं माझ्याकडं बघितलं. मी थर्मामीटर लावला. नव्याण्णव पॉइंट आठ. मी तो झटकून परत लावला, तेवढाच. अर्ध्या तासानं शंभर. माझ्या आयुष्यात मी इतका भ्यालो नाही, दवाखान्यातही नाही. तिथं डासावर राग काढता येत होता. इथं कात्री माझ्या हातात होती. मी मनातल्या मनात नवस बोललो. कुणाला बोललो, काय बोललो, ते अजून घरात सांगितलेलं नाही, आणि इथंही लिहीत नाही.

गुरुवारी सकाळी सहाला लॅबच्या दारात आम्ही दोघं पहिले होतो. रक्त दिलं. रिपोर्ट अकराला येणार होता. ते पाच तास आक्का देव्हाऱ्यासमोर आणि मी मोबाइलसमोर बसलो होतो, दोघांची बसायची पद्धत सारखीच होती. अकरा वाजून गेल्यावर आकडा आला. मी तीनदा शून्यं मोजली. आजवरचा सगळ्यात चांगला आकडा होता.

डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी घसा बघितला आणि विचारलं, "काल हिला गार पाण्यात बसवलं होतं का कुठं?"

"केस धुतले. चार तास ओले होते."

"मास्तर," ते म्हणाले, "डेंग्यूतून उठलेल्या लेकराला चार तास ओल्या डोक्यानं बसवायला तुम्हाला कुणी सांगितलं? सर्दी आहे. दुसरं काही नाही."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

शुक्रवारी ती बाई आली. आक्का तिला 'येऊ नका' असा निरोप द्यायचाच विसरली होती, म्हणजे धीर झाला नव्हता. पन्नाशीची, कपाळभर कुंकू, जट पदराखाली डाव्या हातानं सावरून धरलेली. आक्का दारात आडवी उभी राहिली. मला वाटलं ही आता परत घाबरणार. पण ती म्हणाली, "माफ करा बाई, हेलपाटा झाला. जट न्हवती ती. आमच्या भावाचा आळस हाय."

बाई माझ्याकडं बघून हसली. "बघू तरी पोरगी."

लेक बाहेर आली. केस सुटे, नुकते वाळलेले, मानेमागं एका ठिकाणी आखूड. बाईनं हात लावला नाही, लांबूनच बघितलं. "कशानं सोडवली?"

"जवसानं," लेक म्हणाली. "बाबांनी चार तास."

"किती दिसाची होती?"

"वीस दिवसांची."

"माझी तीस वरसांची हाय." पदर जरा सरकला होता, तो तिनं ओढून घेतला. मग, कुणाकडंच न बघता, विचारलं, "जुनी निघती का हो, जवसानं?"

मला उत्तर माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी तेव्हा तोंडातून निघालं असतं की नाही, कोण जाणे. लेकीनंच विचारलं, "मान दुखते का तुमची?"

"झोपताना दुखती. एका अंगावरच झोपावं लागतंय."

आक्कानं तिला चहा दिला, ओटीचे तांदूळही दिले. ती जिना उतरून जाईपर्यंत आक्का दारात उभी होती. मग आत आली, दार लावलं, आणि लेकीला म्हणाली, "बस खाली. मान दाखीव बघू." लेक बसली. आक्कानं केस बाजूला केले आणि मानेमागून बोट फिरवलं, एकदा, मग परत एकदा, आणि मग तिसऱ्यांदा.